पॅनेल गेलं की केबल? लॅपटॉपची स्क्रीन काळी पडते तेव्हा काय तपासायचं

चिपळूणहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलीचा लॅपटॉप पाच वर्षं जुना, १५.६ इंची. महिनाभरापासून स्क्रीन मधूनच लुकलुकायची. आता झाकण ठरावीक कोनापलीकडे उघडलं की पूर्ण काळी होते, थोडं पुढे घेतलं की परत येते. कधी जांभळट छटा येते, कधी आडव्या रेषा थरथरतात. एचडीएमआयने टीव्हीला जोडलं तर टीव्हीवर चित्र स्वच्छ. दुकानदाराने पाहताक्षणीच "पॅनेल गेलंय", म्हणजे चित्र दाखवणारा काचेचा अख्खा भागच गेलाय, म्हणून साडेसात हजार सांगितले. मुलीची सीएची परीक्षा तोंडावर आली आहे. पॅनेल बदलून टाकायचं का?

ताई, आत्ता बदलू नका. तुम्ही लिहिलेल्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी तरी थांबायला हवं. कोन बदलला की दोष बदलतो. पॅनेल मेलेलं असेल तर ते कुठल्याही कोनात मेलेलंच राहतं. मी रत्नागिरीत बावीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय, आणि झाकण हलवल्यावर जाणारी-येणारी स्क्रीन समोर आली की माझा पहिला हात केबलकडे जातो. पण संशय म्हणजे निदान नव्हे. घरच्या घरी, स्क्रू न काढता, अर्ध्या तासात तुम्ही स्वतः बरंच पक्कं करू शकता. ते कसं, ते सगळं खाली लिहितो. तुमच्यासारखी तक्रार नसलेल्यांनाही उपयोग व्हावा म्हणून थोडं पसरून लिहितोय.

आधी आत काय असतं ते समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. स्क्रीनवर आपल्याला दिसतं त्यात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात, चित्र आणि उजेड. चित्र काचेच्या थरात तयार होतं, उजेड मागून येतो. पॅनेलच्या खालच्या कडेला एलईडींची एक बारीक पट्टी असते. तिचा उजेड मागच्या पारदर्शक पाटीत शिरतो आणि पांढऱ्या पातळ शीटांमधून सगळीकडे सारखा पसरतो. यालाच बॅकलाइट म्हणतात. चित्र असून उजेड नसणं आणि उजेड असून चित्र नसणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींचं औषध वेगळं.

या दोन्ही गोष्टी मदरबोर्डवरून, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटपाटीवरून, वर येतात त्या एकाच केबलमधून. ही केबल बिजागरीच्या शेजारून किंवा तिच्या पोटातून जाते आणि पॅनेलच्या मागे खालच्या बाजूला ३० किंवा ४० पिनांच्या कनेक्टरमध्ये बसते. तिच्यात चित्राचा सिग्नल असतो, पॅनेलच्या सर्किटसाठी ३.३ व्होल्ट असतात, बॅकलाइटसाठी साधारण ७ ते २० व्होल्टमधला पुरवठा असतो आणि उजेड कमी-जास्त करण्याचा सिग्नल असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये कॅमेरा आणि माइकच्या तारा याच जुडीत असतात. तारा इतक्या बारीक की दोन बोटांत धरल्या तर शिवणाच्या दोऱ्यासारख्या लागतात. रोज दहा वेळा झाकण उघडलं-मिटलं, तर पाच वर्षांत या तारा अठरा हजारांहून जास्त वेळा वाकतात. त्यातली एखादी आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. मग कोन जुळला की तुटकी टोकं एकमेकांना टेकतात आणि चित्र येतं, कोन बदलला की सुटतात.

आता तुमच्या लॅपटॉपकडे वळू. रात्री खोलीतले दिवे घालवा. लॅपटॉप चालू करा आणि स्क्रीन काळी होते त्या कोनात झाकण न्या. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा आणि हळूहळू फिरवा. काळ्या काचेत आयकॉनांची किंवा खालच्या पट्टीची पुसट आकृती दिसते का ते निरखून पाहा. डोळ्यांना सरावायला अर्धा मिनिट द्या. विहिरीच्या तळाचं नाणं दिसावं तसं ते हळूहळू दिसतं. दिसलं, तर चित्र येतंय आणि फक्त उजेड जातोय, म्हणजे बॅकलाइटच्या तारा. काहीच दिसलं नाही, तर सिग्नल किंवा पॅनेलचा ३.३ व्होल्टचा पुरवठा तुटतोय. दोन्ही उत्तरं केबलकडे बोट दाखवू शकतात, पण दुरुस्त करणाऱ्याला हे आधी सांगितलंत तर त्याचा अर्धा वेळ वाचेल. ओएलईडी स्क्रीनला मात्र ही टॉर्चची परीक्षा लागू नाही. तिथे वेगळा बॅकलाइट नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो.

कधी स्क्रीन काळी न होता पूर्ण पांढरी होते. जुन्या आणि स्वस्त लॅपटॉपमधली टीएन जातीची पॅनेलं सिग्नल नसला की उजेड आरपार सोडतात, म्हणून पांढरी दिसतात. आयपीएस पॅनेलं सिग्नल नसला की उजेड अडवतात, म्हणून काळी. त्यामुळे "पांढरी झाली म्हणजे पॅनेल गेलं" असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका. उजेड आहे आणि सिग्नल पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, ही चांगली खूण आहे. ग्राफिक्सची चिप आणि रॅम शाबूत आहेत असं त्यावरून बऱ्यापैकी म्हणता येतं. पण याच खुणेवरून "म्हणजे पॅनेलच" असा निष्कर्ष काढतात, तो घाईचा आहे. चिपपासून एचडीएमआयकडे जाणारी वाट वेगळी आणि आतल्या स्क्रीनकडे जाणारी वेगळी. टीव्ही चालतो याचा अर्थ दोष आतल्या वाटेवर आहे. त्या वाटेवर मदरबोर्डवरचा कनेक्टर आहे, फ्यूज आहे, केबल आहे, पॅनेलचा कनेक्टर आहे आणि शेवटी पॅनेल आहे. पाच जागांपैकी थेट शेवटचीच दोषी ठरवायची, तर तसं कारण दाखवावं लागतं.

आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे रेषा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो मोबाइलवर पाठवून बघायचा. स्क्रीनशॉटमध्ये रेषा उमटल्या तर दोष चित्र तयार होतानाच घडतोय, म्हणजे ड्रायव्हर (ग्राफिक्सची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा ती चिपच. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र नीट निघतंय आणि वाटेत बिघडतंय. काही न उघडता मिळणारा हा सगळ्यात स्वस्त पुरावा आहे. दुकानात कोणी तो मागत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट, बिजागरीची. इथेच खरी गफलत होते. झाकण हलवल्यावर दोष दिसतो तो केबलमुळे असू शकतो, तसाच पॅनेलच्या खालच्या कडेमुळेही. फुल एचडी पॅनेलमध्ये आडवे १९२० ठिपके असतात आणि प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे साध्या रचनेत ५७६० उभ्या वाहिन्या. या वाहिन्यांना सिग्नल देणाऱ्या चिपा लवचीक पट्ट्यांवर असतात आणि त्या पट्ट्या काचेच्या कडेला उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेल्या असतात. बाजारात यांना टॅब म्हणतात. टॅबची पकड सैल झाली की पॅनेल थोडं पिळलं तरी रेषा येतात-जातात. झाकण एका हाताने, एका कोपऱ्याला धरून उघडलं की झाकण पिळतं आणि त्याच वेळी बिजागरीही फिरते. मग दोष नक्की कशाने आला ते कळत नाही.

म्हणून दोन हालचाली वेगळ्या करा. पहिली अशी. लॅपटॉप टेबलावर ठेवा, समोर बसा, झाकणाच्या डाव्या आणि उजव्या कडा मध्यावर दोन्ही हातांनी धरा. झाकण अजिबात न पिळता, दरवाजा उघडावा तसं अगदी सावकाश उघडत न्या, अर्धवट मिटलेल्यापासून जितकं मागे जातं तितकं. कुठल्या कोनात लुकलुकलं ते लक्षात ठेवा. मग परत आणा. दोन-तीन वेळांत तोच कोन पुन्हा सापडला, तर केबलवरचा संशय जवळजवळ पक्का.

दुसरी हालचाल अशी. चित्र नीट दिसतं त्या कोनात झाकण थांबवा आणि बिजागरी हलणार नाही अशा बेताने एका हाताने झाकणाचा खालचा भाग पक्का धरा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्क्रीनखालच्या प्लास्टिकच्या चौकटीवर, डावीकडून उजवीकडे, दर दोन बोटांवर हलका दाब द्या. काचेवर नाही, चौकटीवर. पिकलेला आंबा चाचपताना देतो तेवढाच दाब. एखाद्या ठिकाणी दाबल्यावर रेषा गेल्या किंवा वाढल्या, आणि ती जागा कनेक्टरची नसली, तर टॅब सैल आहे. असं पॅनेल बदलावंच लागतं, कारण टॅब पुन्हा चिकटवायची यंत्रं आपल्याकडच्या साध्या दुकानांत नसतात. कनेक्टर बहुतेक वेळा खालच्या कडेला, मधल्या भागात किंवा जरा बाजूला असतो. तिथे दाबल्यावर फरक पडला तर केबलचं टोक नीट बसलेलं नाही किंवा पिना काळ्या पडल्या आहेत, एवढंच असू शकतं.

पहिल्या हालचालीचाच एक जोडपुरावा आहे आणि तो मला फार आवडतो. टीव्ही जोडलेला ठेवा, कॅमेऱ्याचं ॲप उघडा आणि त्याची खिडकी टीव्हीवर न्या. आता झाकण त्याच काळ्या कोनात न्या. स्क्रीनबरोबर कॅमेराही गेला किंवा अडखळला, तर दोन वेगळ्या वस्तू एकाच क्षणी बिघडतायत, आणि दोघांत सामायिक काय? ती जुडी. कॅमेरा गेला नाही म्हणून केबल निर्दोष ठरत नाही, पण गेला तर मग पॅनेलचं नाव घ्यायचं कारण राहत नाही.

हे इतक्या पोटतिडकीने लिहिण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. धंद्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी संगमेश्वरकडच्या एका शिक्षकांचा लॅपटॉप आला होता, लक्षणं थेट तुमच्यासारखी. मी पॅनेल बदललं. नवं पॅनेल बसवताना केबल हलली, टोकं टेकली, स्क्रीन आली, आणि मला वाटलं झालं काम. आठ दिवसांत गुरुजी परत आले. तेव्हा बिजागरीवरचं झाकण काढून पाहिलं तर केबल स्क्रूच्या खांबाखाली चेपलेली, काळं आवरण फाटून आतली तांब्याची तार चमकत होती. मी पॅनेलचे पैसे परत केले, पण शाळेच्या निकालाच्या दिवसांत त्यांचे दहा दिवस गेले ते परत देता आले नाहीत. तेव्हापासून कोनावर जाणारी स्क्रीन असेल तर मी केबल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पॅनेलचा भाव काढत नाही.

केबलचा दोष मोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. ॲपलच्या २०१६च्या मॅकबुक प्रोमध्ये स्क्रीनची लवचीक केबल आखूड पडायची, उघडझाप करून झिजायची आणि स्क्रीनच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे पट्टे दिसायचे. काही दिवसांनी झाकण जास्त उघडलं की बॅकलाइट पूर्ण जायचा. २०१८च्या मॉडेलात ती केबल २ मिलिमीटरने लांब आली. २०१९मध्ये कंपनीने १३ इंची मॉडेलांसाठी मोफत दुरुस्तीची योजनाही काढली. दोन मिलिमीटरवर इतकं अवलंबून असतं. त्या यंत्रात केबल पॅनेलच्या जोडणीचाच भाग होती, म्हणून अख्खा डिस्प्ले बदलावा लागे. तुमच्या लॅपटॉपमध्ये केबल बहुधा सुटी मिळते आणि ती पॅनेलच्या किमतीच्या मानाने बरीच स्वस्त असते.

रेषांबद्दल लोक फार विचारतात, म्हणून तेही सांगतो. एकच बारीक, उभी, रंगीत रेष, कायम त्याच जागी, झाकण हलवलं तरी न हलणारी, ही जवळजवळ नेहमी टॅबची किंवा काचेची. ती पॅनेल बदलल्याशिवाय जात नाही, पण नुसती एक रेष असेल आणि काम चालत असेल तर लगेच बदलायची गरजही नाही. ती वाढते का ते महिनाभर पाहा. कायमच्या आडव्या रेषाही बहुतेक वेळा पॅनेलच्या. अर्धी स्क्रीन नीट आणि अर्धी भलत्याच रंगाची असेल तर पॅनेलमागच्या सर्किटवर किंवा टॅबवर संशय. पण रेषा थरथरत असतील, जागा बदलत असतील, सगळ्या स्क्रीनचा रंगच बदलत असेल, फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसत असेल, दाणेदार मुंग्या येत असतील, तर सिग्नल वाटेत खराब होतोय. तुमची जांभळट छटा याच घरातली. शाईसारखा काळा, कडा पसरत जाणारा डाग दिसला तर काच आतून फुटलेली आहे, तिथे निदान करण्यासारखं काही उरत नाही. पांढरे फिकट ठिपके किंवा ढग दाबाचे असतात. लॅपटॉप जाड पुस्तकांबरोबर बॅगेत कोंबला, वर चार्जर ठेवला, की मागच्या शीटांवर वळ उठतात. ते दिसायला वाईट, पण वाढत नाहीत.

सॉफ्टवेअरचा दोष तुमच्याकडे नाही, कारण सॉफ्टवेअरला झाकणाचा कोन कळत नाही. तरी ज्यांची स्क्रीन झाकण न हलवता लुकलुकते त्यांनी आधी एवढं करावं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तोही लुकलुकत असेल तर ड्रायव्हरकडे पाहा, बाकी सगळं लुकलुकतं आणि टास्क मॅनेजर स्थिर असेल तर एखाद्या ॲपचा घोळ आहे. विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. मग लॅपटॉप बंद करून बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगच्या, स्क्रीनवर पाच-दहा मिनिटं ठेवा. तिथे विंडोज नसते, ड्रायव्हर नसतो. तिथेही रेषा आल्या तर दोष हार्डवेअरचा. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बंद अवस्थेत डी की दाबून धरायची आणि पॉवर बटण दाबायचं, की पॅनेलची चाचणी सुरू होते आणि पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग पाळीपाळीने येतात. ते रंग स्वच्छ आले तर पॅनेलवरचा आरोप बराच हलका होतो. चार्जर काढल्यावर उजेड आपोआप कमी-जास्त होणं हा बहुधा बिघाड नसतो, बॅटरी वाचवण्याची ती सोय असते आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये बंद करता येते.

आणखी एक कारण सांगतो, कारण त्यापायी घाबरून लोक चिपळूणहून इथवर आलेले मी पाहिलेत. झाकण मिटल्याचं लॅपटॉपला कळतं ते चुंबकाने. झाकणात एक छोटा चुंबक असतो आणि खाली तो ओळखणारा सेन्सर. हातात चुंबकाच्या कडीचा पट्टा असलेलं घड्याळ, चुंबकी बटणाचं मोबाइल कव्हर, किंवा खाली दुसरा लॅपटॉप असेल, तर सेन्सर फसतो आणि झाकण उघडं असताना स्क्रीन काळी होते. एका मुलीची स्क्रीन फक्त ती टाइप करत असताना जायची, आईने वापरला तर नाही. तिच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा चुंबकी होता, एवढंच. तुमच्याकडे कोनाचा संबंध आहे म्हणून हे लागू नसावं, पण मुलीला विचारून घ्या.

कोकणात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं ते दमटपणाचं. जून ते सप्टेंबर लॅपटॉप कपाटात किंवा बॅगेत पडून राहिला की कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी धरते. मग गणपतीत लॅपटॉप काढला की स्क्रीन लुकलुकते. यात पॅनेलही शाबूत असतं आणि केबलही. बॅटरी सोडवून कनेक्टर काढायचा, मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिना पुसायच्या, पंधरा मिनिटं वाळू द्यायचं आणि परत बसवायचं. सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल यांपैकी काही लावायचं नाही. सॅनिटायझरमध्ये पाणी असतं आणि बाकीची दोन प्लास्टिक खातात. गणपतीनंतरच्या दिवसांत माझ्याकडच्या कितीतरी स्क्रीन एवढ्यावरच सुरू होतात.

पाण्याचं दुसरं रूप जास्त वाईट. काच पुसायचा स्प्रे थेट स्क्रीनवर मारला की ओघळ खालच्या चौकटीत उतरतो, आणि तिथे तर ते टॅब असतात. एका ओघळाने पॅनेल जातं. फडक्यावर मारा, फडकं जेमतेम ओलसर असू द्या, आणि वरून खाली न पुसता आडवं पुसा. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणचे लॅपटॉप माझ्याकडे गोणीत भरून आले होते. त्यांच्या स्क्रीन चालू झाल्या तरी आत समुद्राच्या वाळूवर भरतीची रेघ उमटावी तशा तपकिरी लाटा दिसायच्या. मागच्या शीटांमध्ये गढूळ पाणी शिरून वाळलेलं. तुमचा लॅपटॉप तेव्हा घरात असेल आणि पुरात भिजला असेल, तर हे दुकानदाराला आवर्जून सांगा, कारण मग केबलबरोबर दोन्ही कनेक्टरही तपासावे लागतील.

उघडायचं ठरलं तर एक गोष्ट जिवापाड पाळायची. चार्जर काढायचा, मागचं झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, पॉवर बटण वीस-तीस सेकंद दाबून धरायचं, आणि मगच स्क्रीनच्या केबलला हात लावायचा. लॅपटॉप बंद असला म्हणजे वीज नाही, असं नसतं. कनेक्टरमध्ये बॅकलाइटच्या जास्त व्होल्टच्या पिना आणि नाजूक सिग्नलच्या पिना एकाच रांगेत असतात. कनेक्टर एक पिन तिरका लागला तरी बॅकलाइटचा फ्यूज उडतो, आणि नशीब वाईट असेल तर ती जास्त व्होल्टची वीज सिग्नलच्या वाटेने मदरबोर्डपर्यंत जाते. व्हिडिओ बघून घरी पॅनेल बदलणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचं असंच झालं. नवं पॅनेल बसवलं, चित्र फक्त टॉर्चमध्ये दिसायचं. तो नवं पॅनेलही खराब निघालं असं समजून तिसरं मागवणार होता. मदरबोर्डवर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा फ्यूज उडाला होता. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावला, वीज आरपार जात नव्हती, फ्यूज बदलला, आणि जुनं पॅनेलसुद्धा उजळलं. म्हणजे मुळात पॅनेल गेलेलंच नव्हतं.

कनेक्टरवर एक पारदर्शक चिकटपट्टी असते आणि काहींवर तारेची बारीक कडी. कडी उचलायची, पट्टी सोलायची, आणि कनेक्टर पॅनेलला समांतर, मागे सरकवत काढायचा. वर उपटायचा नाही. बसवतानाही तसाच सरळ आत सरकवायचा आणि पट्टी परत लावायची. बऱ्याच तक्रारी ही पट्टी परत न लावल्यामुळे महिनाभरात परत येतात.

इतकं करून पॅनेलच दोषी ठरलं, तर नवं घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळी पॅनेलं बसवते. पॅनेल काढून त्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचा. त्यात १५६ असेल तर १५.६ इंच, १४० असेल तर १४ इंच. क्रमांकाबरोबर पिना ३० की ४०, कनेक्टर डावीकडे की उजवीकडे, बाजूला स्क्रूच्या पट्ट्या आहेत की नाहीत, हे तिन्ही जुळायला हवं. बाजारात "पेपर" किंवा "स्लिम" म्हणून मागितलं की जाडी कळते, पिना कळत नाहीत. १२० किंवा १४४ हर्ट्झचं (सेकंदाला तितक्या वेळा चित्र ताजं करणारं) पॅनेल सहसा ४० पिनांचं असतं, ते ६० हर्ट्झच्या ३० पिनांच्या केबलवर चालत नाही. आमच्याकडे माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो, आणि फोनवर नुसतं "साडेपंधरा इंची" सांगून मागवलेलं पॅनेल परत पाठवण्यात दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस जातात.

आता तुमच्या मुलीची परीक्षा. तिला आजपासून टीव्हीवर अभ्यास करू द्या. विंडोज की आणि पी दाबून "फक्त दुसरी स्क्रीन" निवडा. लॅपटॉपची स्क्रीन दिसते तो कोन सापडला असेल तर झाकण तिथेच राहू द्या, दिवसातून दहा वेळा हलवून बघू नका. सोललेली तार बिजागरीच्या धातूला टेकली तर फ्यूज जाऊ शकतो, मग पाचशे-हजारांचं काम वाढतं. झाकण अगदी मिटूनही तासन् तास चालवू नका, काही लॅपटॉपमध्ये गरम हवा बिजागरीपाशीच बाहेर पडते. आणि नोट्सची एक प्रत पेन ड्राइव्हवर आजच घ्या, स्क्रीनचा डेटाशी संबंध नसला तरी दुरुस्तीला द्यायच्या आधी प्रत हाताशी असावी.

परवा दुकानात जाल तेव्हा दोन्ही हालचालींचे आणि टॉर्चचे निकाल कागदावर लिहून न्या. दुकानदाराशी भांडू नका. "केबल काढून दाखवा, आणि जमलं तर त्याच पिनांचं दुसरं पॅनेल तात्पुरतं लावून बघा" एवढंच सांगा. दुसऱ्या पॅनेलवरही त्याच कोनात स्क्रीन गेली, तर प्रश्न मिटला, केबल मागवा. दुसऱ्या पॅनेलवर झाकण पूर्ण फिरवूनही चित्र टिकलं, तर तुमचं पॅनेल बदला, पण बदललेलं जुनं पॅनेल मागून घ्या आणि त्याच्या पाठीचा फोटो काढून ठेवा. केबल बदलली तर नवी केबल बिजागरीतून जुन्याच वाटेने गेली आहे ना, कुठे ताणलेली किंवा चेपलेली नाही ना, हे चौकट बंद करण्याआधी स्वतः पाहा, आणि झाकण वीस वेळा उघडझाप करून मगच पैसे द्या. टॉर्च आणि कॅमेऱ्याचा निकाल काय आला ते इथेच लिहा, म्हणजे मदरबोर्डकडचा कनेक्टर तपासायला सांगायचा का ते मी कळवतो.